रिकाम्या रायफलीपासून

“रायफल केवढ्याची घ्यावी?” नेमबाजीच्या वर्गात मुलाला किंवा मुलीला घेऊन येणाऱ्या आईवडिलांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. १ ऑगस्ट २०२४ नंतर तो जास्तच ऐकू येऊ लागला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने त्या दिवशी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, आणि ज्या घरांत बंदूक म्हणजे दिवाळीतल्या टिकल्यांची, एवढेच माहीत होते तिथेही रायफलीच्या किमतीची चौकशी सुरू झाली. पदकानंतरचे फोटो सर्वांनी पाहिले. त्याआधीचा क्रम फार थोड्यांना ठाऊक आहे. २००९ साली वडिलांनी स्वप्नीलला राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले. पहिले वर्ष केवळ शारीरिक तयारीचे होते. ते संपल्यावर एक खेळ निवडायचा होता, आणि त्याने नेमबाजी निवडली. म्हणजे नेमबाज होण्याआधी वर्षभर त्याचे पाय, पाठ आणि दम तयार होत होता. ऑलिम्पिकच्या फायनलमध्ये गुडघ्यावर बसून आणि पालथे झोपून मारायच्या फेऱ्या संपल्या तेव्हा तो पहिल्या तिघांत नव्हता. उभ्याने मारायची फेरी सर्वांत अवघड. त्या फेरीत तो वर चढला आणि ४५१.४ गुणांवर तिसरा आला.

हे पुस्तक ज्याने अजून एकही शॉट मारलेला नाही अशा माणसासाठी आहे, मग त्याचे वय बारा असो की पन्नास. रेंजवर पाऊल टाकल्यापासून पहिल्या जिल्हा स्पर्धेपर्यंतची वाट यात क्रमाने येईल. रायफलीच्या किमतीचे उत्तरही मिळेल, पण उशिरा, कारण ते उशिराच द्यायचे असते. नवख्याने सर्वांत आधी शिकायची गोष्ट म्हणजे शॉट न सोडणे, असे माझे ठाम मत आहे. नेम बिघडतोय हे वेळेत ओळखणे, ट्रिगरवरचे बोट सैल करणे, रायफल खाली घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणे. ही सवय ज्याला पहिल्या तीन-चार महिन्यांत लागली त्याला पुढचे सगळे शिकवता येते. जो पहिल्या दिवसापासून पेलेटमागून पेलेट (एअरगनचे छर्रे) उडवत सुटला त्याला ती लावणे फार कष्टाचे होते.

यामागचे कारण टार्गेटच्या मापात आहे. दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, बॉलपेनने कागदावर सहज टेकवलेल्या टिंबाएवढा. पेलेटचा व्यास साडेचार मिलिमीटर. पेलेटच्या भोकाची कड त्या ठिपक्याला शिवली की दहा गुण मिळतात, म्हणजे पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडला पाहिजे. त्या अडीच मिलिमीटरचेही दहा भाग केलेले आहेत. मध्यापासून दर पाव मिलिमीटरला गुणाचा दहावा हिस्सा कमी होतो आणि अगदी मध्यावरच्या शॉटला १०.९ मिळतात. साठ शॉटचे जास्तीत जास्त ६५४. रायफलीचे वजन नियमाने साडेपाच किलोपर्यंत चालते आणि ती खांद्याशी टेकवून उभ्याने धरायची असते. खांद्यापासून साधारण ऐंशी सेंटिमीटरवर असलेले नळीचे टोक एका मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतके सरकले तरी दहा मीटरवर अडीच मिलिमीटरचा फरक पडतो आणि दहाचा नऊ होतो.

इतका स्थिर हात कोणाचाही नसतो. जगज्जेत्याची रायफलही हलत असते. त्याचे हलणे छोट्या घेरात चालते, आणि त्या घेरात रायफल असताना तिला धक्का न लावता ट्रिगर दाबणे त्याला जमलेले असते. एवढे समजले तरी नव्या मुलाच्या डोक्यावरचे ओझे उतरते. “माझा हात थरथरतो, मला हे जमणार नाही” असे म्हणून पहिल्या आठवड्यात हिरमुसणारी मुले प्रत्येक बॅचला असतात. त्यांना सांगायचे ते हेच की हलणे हा दोष नाही. हलण्याला घाबरून, काळा गोल समोर दिसताच झटक्याने ट्रिगर ओढणे हा दोष आहे. रेंजवर त्याला ‘झटका मारला’ म्हणतात, आणि झटका शॉट पडण्याआधीच शिक्षकाला बोटावरून दिसतो.

पिस्तुलात हीच गोष्ट आणखी उघडपणे कळते. दहा मीटर एअर पिस्तुलाचे दहाचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे, म्हणजे रायफलीच्या ठिपक्यापेक्षा बरेच मोठे. पण पिस्तूल एकाच हाताने, हात पूर्ण लांब करून धरायचे असते. दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात. पिस्तुलावर मागे एक खाच आणि पुढे एक उभा चौकोनी तुकडा असतो. तो तुकडा खाचेच्या मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड आणि वरच्या कडा एका रेषेत, असे दिसले पाहिजे. या दोन साइटमधले अंतर साधारण ३२ सेंटिमीटर धरले तर दहा मीटर हे त्याच्या सुमारे तीसपट होते. म्हणजे पुढची साइट खाचेत एक मिलिमीटर इकडे-तिकडे झाली की टार्गेटवर तीस मिलिमीटरचा फरक पडतो आणि दहाच्या जागी सात येतात. याउलट दोन्ही साइट नीट जुळलेल्या असतील आणि हात काळ्या गोलाखालच्या पांढऱ्या पट्ट्यात थोडासा तरंगत असेल, तर शॉटही तेवढाच तरंगतो आणि आठ-नऊच्या खाली सहसा जात नाही. म्हणून पिस्तूल शिकवणारा प्रत्येक शिक्षक पुढच्या साइटकडे बघायला सांगतो. टार्गेट अंधुक दिसले तरी चालेल. खरे तर ते अंधुकच दिसायला हवे. माणसाच्या डोळ्याला दोन अंतरांवरच्या वस्तू एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. नवख्याचे मन टार्गेटकडे धावते, कारण गुण तिथे असतात. ते मन पुढच्या साइटवर आणून बसवणे हा पिस्तुलाचा निम्मा अभ्यासक्रम आहे.

आता वेळेचा हिशोब पाहा. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर साठ शॉटला ७५ मिनिटे मिळतात, त्याआधी तयारीला आणि सराव शॉटला १५ मिनिटे वेगळी. म्हणजे एका शॉटला ७५ सेकंद. प्रत्यक्ष नेम धरून ट्रिगर दाबायला आठ-दहा सेकंदांहून जास्त लागत नाहीत, आणि लागू देऊही नयेत. श्वास अर्धा सोडून थांबवल्यावर पहिले काही सेकंद रायफल चांगली स्थिरावते. नंतर स्नायू थकतात, नजर जड होते, हलण्याचा घेर वाढत जातो. त्या क्षणानंतर सोडलेला शॉट म्हणजे नशिबावर टाकलेला शॉट. खेळाच्या नियमांनी रायफल खाली ठेवायला भरपूर वेळ दिलेला आहे, आणि नवखा नेमबाज तोच वापरत नाही. शॉट अडकला, हात जड झाला, तरी “आता लावलीच आहे तर” म्हणून सोडून देतो. मी शिकवताना स्कोअरच्या आधी विचारतो: आज किती वेळा रायफल खाली घेतलीस? या प्रश्नाने मुले आधी गोंधळतात. काही दिवसांनी आपणहून सांगायला लागतात.

रायफल स्थिर राहण्यासाठी शरीर कसे उभे राहते हेही समजून घ्यावे लागते. उजव्या हाताचा रायफल नेमबाज टार्गेटला डावी बाजू देऊन उभा राहतो, पाय खांद्यांइतके अलग, डावी कंबर किंचित पुढे काढलेली. डाव्या हाताचे कोपर कंबरेच्या हाडावर किंवा बरगड्यांच्या कडेला टेकते, पाठ थोडी मागे आणि उजवीकडे झुकते. उद्देश असा की रायफलीचे वजन हाडांवरून थेट जमिनीत उतरावे, दंडाच्या स्नायूंनी ते पेलू नये. स्नायू थकतात, हाड थकत नाही. पहिल्यांदा असे उभे राहणाऱ्याला हे फार विचित्र वाटते, कंबर आणि मान दुखते, आणि तो नकळत रायफल हाताने उचलून धरायला लागतो. इथे घाई केली तर चुकीची पोझिशन पक्की होते. मग डोळे मिटायचे, दोन-तीन श्वास घ्यायचे, अंग सैल सोडायचे आणि डोळे उघडून पाहायचे: रायफल कुठे बघते आहे? टार्गेटच्या उजवीकडे असेल तर ती हाताने ओढून मधे आणायची नाही. पाय सरकवायचे. पुन्हा डोळे मिटायचे. शरीराला जिथे आपोआप बघावेसे वाटते तिथेच टार्गेट आले पाहिजे. पिस्तुलालाही हाच नियम. रायफल ओढून मधे आणली असेल तर ट्रिगर सुटताना ती मूळ जागी परत जाते, आणि शॉटही तिच्यामागे जातो. कार्डावर एका बाजूला सरकलेला शॉटचा ग्रुप दिसला की नवा मुलगा साइटचे स्क्रू फिरवायला घेतो. दहातल्या सात वेळा गडबड पायांत असते.

त्याआधी कोणता डोळा प्रबळ आहे ते पाहावे. दोन्ही हात पुढे लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवायची, तिच्यातून दोन्ही डोळ्यांनी भिंतीवरची एखादी खूण पाहायची आणि मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने खूण जागेवर राहते तो प्रबळ डोळा. उजव्या हाताच्या काही मुलांचा डावा डोळा प्रबळ निघतो. त्यांनी डावीकडून मारायला शिकावे की उजव्यानेच चालवावे हे शिक्षकाने पहिल्याच आठवड्यात ठरवावे, कारण वर्षभरानंतर बदलायचे म्हटले तर सगळे मोडून पुन्हा बांधावे लागते. न वापरायचा डोळा घट्ट मिटू नये, त्याने चेहरा आणि दुसरा डोळाही ताणला जातो. त्याच्यापुढे एक छोटी पट्टी लावायची आणि दोन्ही डोळे उघडे ठेवायचे. चष्मा असला तरी काही अडत नाही. अनेक चांगले नेमबाज चष्मा लावूनच मारतात.

आणि मग रिकामी रायफल. रेंजच्या भाषेत ‘ड्राय’. नळीत पेलेट नाही, समोर टार्गेट किंवा नुसती पांढरी भिंत, आणि बाकी सगळे खऱ्या शॉटसारखे: उभे राहणे, श्वास, नेम, ट्रिगर, आणि ट्रिगर सुटल्यावर दोन सेकंद तसेच थांबणे. हे शेवटचे थांबणे नवख्याला निरर्थक वाटते, कारण शॉट तर गेला. पण ट्रिगर सुटणे आणि पेलेटने नळी सोडणे यात सेकंदाचे काही हजारांश भाग जातात, आणि डोके उचलून टार्गेट पाहायची घाई असेल तर ती घाई त्या हजारांशातच शरीरात शिरते. रिकाम्या रायफलीवर ती लगेच पकडता येते. आवाज नाही, गुण नाहीत, त्यामुळे ट्रिगर सुटताना साइट कुठे हलली एवढेच दिसते. शिकाऊ मुलांनी पहिले काही आठवडे शंभरातले सत्तर शॉट ड्राय मारावेत असे मला वाटते. काही पालकांना ते पटत नाही, फी भरून मुलगा नुसता उभा राहतो असे त्यांना दिसते. त्यांनी एक तास शेजारी उभे राहून पाहावे. एक इशारा मात्र द्यायला हवा: आजच्या मॅच रायफली आणि पिस्तुलांत ड्रायची वेगळी सोय असते, पण स्प्रिंगची जुनी एअरगन रिकामी उडवली की तिचा पिस्टन खराब होतो. आपल्या हातातले हत्यार कोणते हे विचारून मगच सराव करावा.

हा खेळ मध्यमवर्गीय घरात शिरला त्याला फार वर्षे झालेली नाहीत. १८७८ च्या शस्त्रकायद्याने सामान्य माणसाच्या घरातून बंदूक हद्दपार केली, आणि स्वातंत्र्य मिळाले तेव्हा नेमबाजी संस्थानिक, लष्कर आणि पोलीस यांच्यापुरती उरली होती. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. रत्नागिरी जिल्ह्यातल्या घराण्याचा, अहमदाबादेत वकिली करणारा हा गांधीवादी माणूस नेमबाजीच्या संघटनेच्या मुळाशी आहे हे अनेक मराठी वाचकांना नवे वाटेल. राष्ट्रीय स्पर्धेच्या पायरीवरची अखिल भारतीय मावळंकर स्पर्धा त्यांच्याच नावाची, आणि तुमच्या मुलीने या खेळात नेटाने पाय रोवले तर “मावळंकर खेळली का?” हा प्रश्न तिला लवकरच ऐकू येईल. १९६२ मध्ये बिकानेरचे महाराजा करणी सिंह यांनी कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये, म्हणजे हवेत उडणाऱ्या तबकड्यांच्या नेमबाजीत, रौप्य मिळवले. दिल्लीच्या तुघलकाबादची रेंज त्यांच्या नावाने आहे. पण ट्रॅपला मोकळे मैदान, शॉटगन, महागडी काडतुसे लागतात. शाळेच्या मुलांसाठी दार उघडले ते एअरगनने. दहा मीटर एअर रायफल १९८४ मध्ये ऑलिम्पिकमध्ये आली, एअर पिस्तूल १९८८ मध्ये. दहा मीटर म्हणजे एक लांबट खोली. एखाद्या शाळेचा हॉल किंवा इमारतीचे तळघरही पुरते, आणि दारूगोळा लागत नाही.

महाराष्ट्राने या दाराचा फार चांगला उपयोग केला. अंजली भागवत मुंबईच्या कीर्ती कॉलेजमध्ये एनसीसीत होत्या, तिथून त्यांचा नेमबाजीशी संबंध आला. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये त्या फायनलपर्यंत पोचल्या. त्या, पनवेलच्या सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे या तिघी संजय चक्रवर्ती सरांच्या हाताखाली घडल्या, आणि तिघी २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकला गेल्या. पुढे दीपालीताईंनी स्वप्नील कुसाळेला शिकवले. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथे झोपून मारायच्या प्रकारात, जागतिक सुवर्ण मिळवले. तिचे त्याआधीचे यश पाहून त्याच शहरातली राही सरनोबत या खेळाकडे वळली होती, आणि ती २०१३ मध्ये कोरियात चांगवनच्या विश्वचषकात २५ मीटर पिस्तुलात पहिली आली. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये, अठराव्या वर्षी, कैरोत दहा मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला. ही नावे पुस्तकात पुन्हा पुन्हा येतील. ती मुलांना प्रेरणा म्हणून पाठ करून घेऊ नयेत असे माझे मत आहे. त्यांच्यामागे जी साखळी आहे, कॉलेजचे एनसीसी, एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे गेलेली पद्धत, एका शहरातल्या मोठ्या मुलीकडे बघून सुरू करणारी धाकटी मुलगी, ती जास्त उपयोगाची आहे. तुमच्या गावात किंवा शेजारच्या शहरात अशी साखळी कुठे आहे ते आधी शोधा.

सुरक्षेबद्दल मी कोणतीही तडजोड करत नाही, आणि वर्ग निवडताना तुम्हीही करू नये. नळीचे तोंड कायम टार्गेटच्या दिशेने. शॉट सोडायची वेळ येईपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. लेन सोडताना रायफल उघडी, रिकामी, आणि नळीत नारिंगी सेफ्टी फ्लॅग. कोणी टार्गेटकडे गेले असेल तर हत्याराला हातही लावायचा नाही. रेंज ऑफिसरने ‘स्टॉप’ म्हटले की त्या क्षणी थांबायचे, नेम किती का चांगला लागलेला असेना. वर्ग पाहायला जाल तेव्हा अर्धा तास मागे बसून हे नियम पाळले जातात का ते बघा. भिंतीवरची पदके नंतर पाहता येतील. जिथे शिक्षक फोनवर बोलत असताना मुले एकमेकांकडे रायफल वळवून हसत असतील तिथे प्रवेश घेऊ नका, फी कितीही कमी असली तरी. पेलेट शिशाचे असतात, म्हणून रेंजवर खाऊ नये आणि घरी जाण्याआधी साबणाने हात धुवावेत. छोट्या मुलांच्या बाबतीत हे विसरू नये.

कायद्याचे थोडक्यात. साडेचार मिलिमीटर नळीच्या, २० जूलपर्यंत शक्तीच्या एअरगनला सध्याच्या नियमांनुसार शस्त्रपरवाना लागत नाही. मॅच एअर रायफल यापेक्षा बरीच कमी शक्तीची असते. पॉइंट टू टू, म्हणजे ५० मीटर आणि २५ मीटरवर वापरतात त्या रायफली आणि पिस्तुले ही अग्निशस्त्रे आहेत. त्यांना परवाना लागतो आणि नवख्याने त्यांचा विचार करण्याचे काही कारण नाही. एअरगनला परवाना नाही म्हणजे ती खेळणे आहे असा अर्थ काढू नये. तिने डोळा जातो. घरात ती कुलपात ठेवावी, पेलेट वेगळे ठेवावेत, प्रवासात बंद पेटीत न्यावी, सोबत बिल आणि क्लबचे ओळखपत्र ठेवावे. आपल्याकडे गावोगाव छऱ्याच्या बंदुकीने पाखरे मारण्याची खोड अजून आहे. ते १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि ज्या मुलाला जिवंत पाखरावर नेम धरावासा वाटतो त्याला रेंजवर आणण्याआधी घरात बसवून बोलण्याची गरज आहे. पाखरे मारणे आणि नेमबाजीचा खेळ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि नेमबाजांनी हे मोठ्याने सांगत राहिले पाहिजे.

आता तो पहिला प्रश्न. परदेशी मॅच रायफल लाखांच्या घरात जाते. त्यावर जॅकेट, ट्राउझर, ग्लव्ह, बूट. पहिल्या सहा महिन्यांत यातले काहीही विकत घेऊ नका. बरे क्लब शिकाऊंसाठी आपल्या रायफली आणि पिस्तुले ठेवतात. तुम्ही पेलेटचे आणि लेनचे पैसे भरता. महाराष्ट्रात स्पर्धांमध्ये ओपन साइट (उघड्या खाचेची) आणि पीप साइट (बारीक छिद्रातून पाहायची) असे वेगळे गट असतात. ओपन साइटपासून सुरुवात करणाऱ्याला साधी रायफल पुरते आणि साइट जुळवण्याची शिस्तही लागते. वाढत्या वयाच्या मुलाला मापाचे कडक जॅकेट शिवून घेतले तर वर्षात ते आखूड होते. क्लबमध्ये जुने जॅकेट हातोहात फिरत असते, तेच घ्यावे. शिवाय जॅकेट पाठीला आधार देते, आणि तो आधार लवकर मिळाला की पाठ स्वतःहून तयार होत नाही. तयारी झाल्याशिवाय जॅकेट चढवू न देणारा शिक्षक जुनाट वाटला तरी त्याच्यावर विश्वास ठेवावा. रायफल की पिस्तूल हेही आधी ठरवून येऊ नका. दोन्ही काही आठवडे धरून पाहा. ज्याला स्वतःच्या शरीराची घडी लावत बसायला आवडते तो रायफलीकडे ओढला जातो, ज्याला मोकळेपणा हवा असतो त्याला पिस्तूल भावते. पण हा अंदाज आहे, आणि तो अनेकदा चुकतो.

पहिली स्पर्धा लवकर खेळावी, तिच्यातून काही मिळवायचे म्हणून नव्हे, तर स्पर्धेत हृदय कसे धडधडते ते एकदा कळावे म्हणून. सरावात सहज येणारा स्कोअर तिथे येत नाही, आणि हे प्रत्येकाचे होते. अभिनव बिंद्रा २००४ ला अथेन्सच्या फायनलमध्ये सातवा आला होता. चार वर्षांनी बीजिंगमध्ये शेवटच्या शॉटआधी तो आणि फिनलंडचा हेन्री हेक्किनेन बरोबरीत होते. हेक्किनेनचा शॉट ९.७ गेला, बिंद्राचा १०.८. त्या एका शॉटवर भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण आले, आणि बरोबरीत असलेला दुसरा नेमबाज थेट तिसरा गेला. पालकांनी पहिल्या स्पर्धेत मागे उभे राहून मोबाइलवर गुण मोजू नयेत. मुलाला ते पाठीत जाणवतात. परतताना स्कोअर विचारू नये. त्याने डायरीत काय लिहिले ते तो आपणहून दाखवील, दाखवावेसे वाटले तर. डायरी मात्र पहिल्या दिवसापासून हवी: कोणती पोझिशन, काय चांगले लागले, कोणता शॉट का बिघडला, किती वेळा रायफल खाली घेतली. गुणांचा आकडा शेवटी, लहान अक्षरात.

मोठ्या वयात येणाऱ्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. या खेळात चाळिशी ओलांडलेल्यांना जागा आहे. वरिष्ठ वयोगटांसाठी वेगळ्या स्पर्धा असतात, आणि मुलाला सोडायला येणारी आई सहा महिन्यांनी स्वतः पिस्तूल धरते असे अनेक रेंजवर घडते. चाळिशीनंतर जवळचे दिसेनासे होते तेव्हा पुढची साइट अंधुक होते. त्यासाठी नेहमीच्या चष्म्याचा नंबर चालत नाही, साइटच्या अंतराचा वेगळा नंबर काढून घ्यावा लागतो. तो काढताना डोळ्यांच्या डॉक्टरांना साइटचे अंतर मोजून सांगावे. अपंगत्व असलेल्यांसाठी हा खेळ बहुतेक खेळांपेक्षा जास्त मोकळा आहे. अवनी लेखराने टोकियो आणि पॅरिस या दोन्ही पॅरालिम्पिकमध्ये दहा मीटर एअर रायफलचे सुवर्ण मिळवले, आणि कोल्हापूरचा स्वरूप उन्हाळकर टोकियोत चौथा आला. चाकाच्या खुर्चीसाठी लेनच्या टेबलाची उंची आणि प्रवेशाचा उतार ठीक आहे का, हे वर्ग निवडतानाच विचारा. उत्तर नाही असेल तर ते करून मागा. काम थोडे असते, आणि कोणी मागितल्याशिवाय बहुतेक ठिकाणी ते होत नाही.